गप्प नवरी

"भावापाशी येऊन नवरी गप्प होते. कथा तिथंच जिंकते!" अध्यक्ष गुलाबचंद सरांनी टेबलावर थाप मारली.

डोंगरकडा गावच्या समाजमंदिरात लघुकथेवर चर्चा चालू होती. सकाळपासून सगळे लेखक एकाच कथेची आरती ओवाळून राहिले होते. विकास राठोडची कथा, जेमतेम अर्ध्या पानाची. तांड्यावरची नवरी सासरी निघते. रिवाजाप्रमाणं एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो हे निरोपाचं गाणं गाते, रडत रडत ज्याचं त्याला सुनावते. भावापाशी येते अन् तिला शब्दच फुटत नाही. संपली कथा.

"विकासभाऊ, सुचलं कसं हे?" समोर बसलेल्या नोमान या तरुण लेखकानं विचारलं.

"सुचत नसतं, छाटावं लागतं," विकास माइकवर म्हणाला. "नको ते छाटायचं. दयामाया न्हाई."

टाळ्या पडल्या. त्या थांबल्या तशी मागं बसलेली एक बाई उठली. विकास माइकपासून मागं सरला. मीना. त्याची धाकटी बहीण, याच गावात दिलेली.

"मी ह्यांची बहीण. ती नवरी मीच व्हय," ती म्हणाली. "पण मी गप न्हवते राह्यले. भियाच्या गळ्यात पडून लई बोलले. अख्ख्या तांड्यानं ऐकलं."

विकासनं पाण्याचा पेला उचलला, तसाच ठेवला. तिचा शब्द न् शब्द त्याला पाठ होता. 'भिया, तुला मास्तरकी लागावी म्हणून संस्थाचालकाच्या बिजवर भावाला दिलंस मला. बैल घेताना दात बघतोस, नवऱ्याचं वय न्हाई बघितलंस रं.'

"काय बोलला होतात, ताई?" नोमान पुढं सरकला.

मीनानं आधी भावाकडं बघितलं. 'बोल मीना', एवढंच म्हणायचं होतं त्यानं. तो टेबलावरच्या हारातली पाकळी खुडत बसला.

"नको, नको ताई!" गुलाबचंद सरांनी हात वर केला. "सांगू नका. कथा लांबेल!"

समाजमंदिर हसून हसून लोटपोट झालं. लेखकांना विनोद लवकर कळतो.

विकासही हसला.

मीना खाली बसली नाही. त्याचं हसू संपायची वाट बघत उभी राहिली.