जसं पडलं तसंच

"आजही नाही येत म्हणे तो विम्याचा सर्वेअर," फोन कानापासून काढत उकंडराव म्हणाले. "उद्या पाह्यतो म्हणे."

रुखमाबाईंनी वर पाहिलं. वर पाहायला काही उरलंच नव्हतं. शनिवारच्या वादळानं पुढच्या दोन खोल्यांवरची टिनं उचलून नेली होती. काही शेजारच्या पंजाबरावांच्या कांद्यात जाऊन पडली होती, एक धुऱ्यावरच्या बाभळीला लटकत होतं. आणि त्याच दोन खोल्यांमध्ये, भाव चढेल म्हणून थांबवलेला कापूस छातीइतका भरलेला होता.

"मंग आपणच आणून बसवू ना टिनं."

"अवं, हात लावू नका म्हणते कंपनी. जसं पडलं तसंच दिसलं पाह्यजे. नाही तं क्लेम जाते."

"कापसावर ताडपत्री तरी टाकू देता का?"

"तेही पुसलं म्या." उकंडरावांनी नजर चुकवली. "झाकलं तं फोटोत दिसत नाही म्हणे."

या विम्यासाठी उकंडरावांनी काय कमी उंबरे झिजवले होते? स्लॅबच्या घराचा विमा बसल्या जागी होतो. टिनाचं घर म्हटलं की कंपनी नाक मुरडते. मातीच्या भिंती पाहून एजंट दोनदा आल्या पावली परत गेला होता. शेवटी केला, तर यंदा हप्ता दीडपट. वर पुढच्या साली टिनाची घरं घेऊच असं नाही, हेही सांगून ठेवलेलं. वावराच्या विम्याची तर गोष्टच नको. सोयाबीन पाण्याखाली गेलं तेव्हा सगळ्या महसूल मंडळाच्या पिकाची सरासरी आडवी आली होती आणि हातात छदामही पडला नव्हता. म्हणून घराचा हा एक विमा म्हातारा जिवापाड जपत होता. इतका, की घरापेक्षा आता विम्यालाच जास्त जपून राह्यला आहे, असं रुखमाबाईंना वाटू लागलं होतं.

दुपार कलली तसा वारा पडला. जानेफळच्या बाजूनं काळं भरून येऊ लागलं. उकंडरावांनी पुन्हा फोन लावला. फोनमधली पोरगी गोड आवाजात म्हणत होती, कृपया लाइनवर राहा. मग बासरी वाजायची. मग पुन्हा पोरगी. उकंडराव अंगणात उभे, फोन कानाशी, डोळे आभाळाकडे.

रुखमाबाईंनी पदर कमरेला खोचला. सुनेला हाक मारली, "सुचिता, चाल वं."

दोघी पंजाबरावांच्या कांद्यातून पहिलं टीन ओढत आल्या तेव्हा उकंडराव धावले.

"काय करून राह्यली तू?"

"घर झाकून राह्यली."

"अवं, सारा हप्ता पाण्यात घालशीन!"

"कापूस घालण्यापरीस हप्ता घातलेला बरा."

उकंडराव तोंडातल्या तोंडात बरंच काही बोलले. सासू-सुना दुसरं टीन आणायला गेल्या. रुखमाबाईंचा गुडघा धड वाकत नव्हता, तरी परत आल्यावर त्यांनी शिडी भिंतीला लावली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तेव्हा म्हाताऱ्यानं फोन तसाच चालू कोनाड्यात ठेवला आणि बायकोचा दंड धरून तिला खाली ओढलं.

"सरक. हातोडी दे."

खालून टिनं वर जात होती, वरून ठोकण्याचा आवाज येत होता. कोनाड्यातली पोरगी लाइनवर राहायला सांगत होती.

शेवटच्या टिनावर दगड ठेवून उकंडराव शिडीवर आले, तोच अंगणात मोटारसायकल थांबली. हेल्मेट काढत एक तरुण उतरला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं.

"जानेफळले काम निघालं, म्हटलं तुमचंही उरकून टाकू." त्यानं मोबाइल वर धरला आणि थांबला. "काका, नुकसान कुठं आहे?"

"हे काय... आत्ताच बसोलं ना साहेब! ढग पाह्यले का? पुसा पंजाबरावले, त्याच्याच वावरात पडेल होते टिनं. माह्या पोराच्या मोबाइलमंधी फोटोही हायेत."

"ते नाही चालत. आमच्याच ॲपमधून, जागेवर काढलेला फोटो लागतो." तरुण वाईट नव्हता, त्यालाही अवघडल्यासारखं झालं. "मले वर उत्तर द्यावं लागते, काका. असं करा, चार टिनं खाली घ्या. फोटो काढतो. मग बसवा परत. कितीसा वेळ लागते?"

उकंडरावांनी शिडीवरूनच बायकोकडे पाहिलं. "काढू का वं?"

रुखमाबाईंनी उत्तर द्यायच्या आधीच टपोरे थेंब टिनावर ताडताड वाजले. क्षणात पाऊस असा कोसळला की तरुण बॅग छातीशी धरून घरात पळाला. त्याच्यामागे सगळेच आत आले. उकंडराव हातोडी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले. "गेलं," एवढंच म्हणाले.

टिनावर पावसाचा असा कल्ला चालला होता की शेजारी बोललेलं ऐकू येईना. तरुण मोबाइल शर्टाला पुसत कापसाच्या ढिगाला टेकून उभा राहिला. पांढरे पुंजके त्याच्या बाहीला चिकटले होते. कोरडे.

रुखमाबाई त्याच्या कानाशी गेल्या आणि ओरडून म्हणाल्या, "गळते का कुठं?"

त्यानं मान वर करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं.

"नाही, मावशी."

"मंग तेच लिवा."