पिशवीभर शिंपले

समुद्रासमोर माणूस अंतर्मुख होतो. हरिहरेश्वरला नवऱ्याच्या अस्थी सोडून झाल्यावर शरयूबाई मात्र पदर खोचून शिंपले वेचू लागल्या.

“आई, गुरुजी बघतायत,” मुलगा पुटपुटला.

“बघू देत.”

चौतीस वर्षं दर सहलीत त्या शिंपले वेचायच्या आणि “घरात कचरा नको” म्हणत नवरा ते परत वाळूत टाकायला लावायचा. या वेळी पिशवी घरी पोचली. त्याच संध्याकाळी आरशाची चौकट, पेनस्टँड, नवऱ्याच्या चष्म्याचं घर, सगळं शंखशिंपल्यांनी मढवून झालं. मग शरयूबाई आनंद व्हायची वाट बघत बसल्या. जेवायची वेळ झाली, एवढंच झालं.

चौथ्या दिवशी नणंद आली. “अहो वहिनी, काय मेलंय घरात?” दारातूनच म्हणाली आणि मग तिने जीभ चावली.

वास शरयूबाईंना परवापासून येत होता. माणूस गेलेल्या घराला येतच असेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

शंखांच्या आत कधीकधी जीव असतो, म्हणून चिकटवण्याआधी ते उकळून घ्यायचे असतात. हे शिकायची वेळ शरयूबाईंवर आजवर कधी आलीच नव्हती.