सावलीतली जागा

बंदुकीचा बार फॉरेस्टवाल्यांना ऐकू जातो, म्हणून आमच्या वाडीची भेकराची पारध अजून तीरकमठ्यावरच चालते. अठरा हाकेवाले घळीतून रान उठवतात आणि दबा धरून कुणी कुठे बसायचं, ते माझा थोरला भाऊ लवूदादा ठरवतो.

"तू धाकला, सावलीत बस," म्हणत त्याने अकरा वर्षं मला घळीच्या तोंडावरच्या आंब्याखाली बसवलं. माणसाचा वास लागला की भेकरू वळतं, म्हणून तिथे बिडी ओढायची नाही, हा त्याचा दंडक. माझ्या बाजूला भेकरू कधी फिरकलंच नाही. दरवर्षी दादाच्याच समोर निघालं. गावात माझं नाव 'कोरा बाण' पडलं.

यंदा दादाचे गुडघे धरले आणि जागा ठरवायचं काम माझ्यावर आलं. हाका सुरू व्हायला अजून वेळ होता, म्हणून त्या आंब्याखाली मी पहिल्यांदाच बिडी पेटवली. दुपारचा खारा वारा रोजच्यासारखा पाठीमागून आला आणि धूर सरळ घळीत शिरला.

अकरा वर्षं अठरा नव्हे, एकोणीस जण दादाकडे भेकरं हाकत होते.