मुकी पूड

गिरणीच्या खोलीत बोलायला सक्त बंदी होती. ड्रममध्ये गोट्यांखाली तीस तास दळली जाणारी सिरॅमिकची पूड आसपासचे शब्द पकडायची. तिच्या चकत्या कानात बसवलेल्या बहिऱ्या माणसांना मग जगाबरोबर त्या खोलीतल्या गप्पाही जन्मभर ऐकू यायच्या.

म्हणूनच कारखान्यातले संशोधक लाटकर यांनी द्रावणात साका पाडून, म्हणजे तळाशी गाळ बसवून, केलेल्या पुडीकडे सगळे डोळे लावून बसले होते. ती गिरणीत जातच नव्हती, त्यामुळे तिला काही आठवणारही नव्हतं.

"मॅडम, तुलनेचा अहवाल तयार आहे, फक्त तुमची सही राहिलीय," लाटकर म्हणाले. "उद्या सहा पेशंटना चकत्या बसवायच्यात."

कारखान्याच्या प्रमुख वैजयंती खिस्तींनी दोन्ही पुडींचे नमुने चिमटीत चोळून पाहिले. साक्याची पूड पिठीसाखरेसारखी मऊ लागायला हवी. ही दळलेल्या पुडीइतकीच खरखरीत लागत होती.

"भट्टीत जरा जास्त राहिली, की होतं तसं."

"मी विचारलं का काही?"

त्यांनी लाटकरांच्या पुडीची चकती आवाज तपासायच्या यंत्रात ठेवली आणि हेडफोन लावला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. उगाच भल्या माणसावर संशय घेतला, असं वाटून त्यांनी सहीसाठी पेन उघडलं.

तेवढ्यात कानात बारीक आवाज आला. तो त्यांचाच होता. सोमवारी गिरणी चालू असताना, स्वतःचाच नियम मोडून, त्यांनी तिथे संचालकांचा फोन घेतला होता.

"छे हो सर, लाटकरांवर कसला संशय घेता? इतका सरळ माणूस आपल्याकडे दुसरा नाही."