आधीच्याचं असेल

जुनं मेमरी कार्ड तिसऱ्यांदा घातलं, तेव्हा कुठं उघडलं. दुकानदार म्हणाला, "काय घ्यायचं ते आत्ताच सांगा. एकदा भायेर काढलं की हे परत उघडायचं न्हाई."

सिद्धूसरांनी आईसाठी नवा फोन घेतला होता; कार्ड तिच्या जुन्या फोनातलं. गावाकडून पूर्णेला लेकाकडं आलेल्या गीताबाई काउंटरला धरून उभ्या होत्या. सरांचे घरमालक भुजंगराव खुर्चीत बसले होते. दुकान त्यांच्या ओळखीचं, म्हणून भला माणूस आपलं काम टाकून सोबत आला होता.

फोटो नव्या कार्डात गेले. मग गाण्यांचं फोल्डर आलं, चाळीसेक गाणी होती. आवाज धड आहे का बघायला दुकानदारानं एक लावलं.

"भीमबाबाच्या गं पायी, लेक माझा मास्तर झाला..."

गीताबाई लाजून हसल्या. फोल्डरातली सगळी गाणी त्यांनीच जुळवलेली, आवाजही त्यांचाच, चुलीपुढं बसून भरलेला. पुढच्या ओळीत लेकाचं पुरतं नाव येणार होतं, सिद्धोधन. भुजंगरावांना मात्र फक्त सिद्धू ठाऊक होता. पूर्णेत सात घरांनी नाव-आडनाव विचारून खोली नाकारली, तेव्हा आठव्या घरी सरांनी अर्ध्या नावावर भागवलं होतं.

"बंद करा ते," सर म्हणाले.

"का हो? आवाज लय गोड हाय," भुजंगराव म्हणाले. "कोण म्हणायलीय?"

चौथीच्या वर्गाला रोज खरं बोलायला शिकवणाऱ्या सरांची जीभ जराही अडखळली नाही. "काय माहीत. आईचा तो फोन वापरलेलाच घेतला होता. आधीच्याचं असेल."

गीताबाईंचं हसू मावळलं. त्यांनी लेकाकडं पाहिलं, मग खुर्चीतल्या माणसाकडं.

"मग घेऊ का सोडू?" दुकानदारानं विचारलं.

सरांना मान वर करवेना. घ्या म्हणावं तर खोली जाते, सोडा म्हणायला तोंड उघडेना. बोटानं काउंटरची काच पुसत राहिले.

"सोडा," शेवटी गीताबाईच म्हणाल्या. "आमचं न्हाई ते."

दुकानदारानं कार्ड काढलं आणि फुटक्या स्क्रीनच्या डब्यात टाकलं. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा हाताच्या अंतरावर होता. हात काही पुढं झाला नाही.

परतताना भुजंगराव चार पावलं पुढं झाले, तसे सर आईच्या जवळ सरकले.

"चुकलं माजं, माय. गावाकडं आलो की पुन्ना म्हण. मी समदी भरून घेतो."

गीताबाईंनी फोनची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "मालक म्होरं चालायलेत."