शिकणाऱ्याने आधी चाखायचं

वायरमनने पळीतला रस्सा तोंडात घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"काय झालं, जावईबापू?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"काही नाही आई. जरा मीठ पुढे गेलंय."

"जरा म्हणजे?"

"म्हणजे बाकी सगळं मागे राहिलंय."

सासूबाईंची ही खानावळ सहा टेबलांची. ती त्यांनी तीस वर्षं एकहाती चालवली आणि गेल्या महिन्यात अचानक जाहीर केलं की गुडघे गेले, आता पुरे. त्याच गुडघ्यांनी आज सकाळचा चहा झाल्यावर त्या शिडी लावून माळ्यावर चढल्या होत्या, दोन सारख्याच पिशव्या काखोटीला मारून उतरल्या होत्या आणि मिठाचा व साखरेचा असे दोन्ही डबे काठोकाठ भरून मोकळ्या झाल्या होत्या. पण गुडघ्यांवरून सासूची उलटतपासणी घेण्याची छाती कुठल्या जावयाला असते?

कारखाना बंद पडल्यापासून वायरमन घरी होता. बायको बसमध्ये कंडक्टर. ती त्याला एका शब्दाने बोलत नसे, आणि तेच त्याला जास्त लागायचं. शेवटी सासूबाईंनीच अट घातली होती. एक दुपार वायरमनने एकट्याने सांभाळायची. गिऱ्हाइकांनी ताटं पुसून खाल्ली तर खानावळीची किल्ली त्याची. ताटं तशीच परत आली तर उद्यापासून कुलूप.

"मीठ तर मोजून घातलं होतं," तो म्हणाला. "टोमॅटो आंबट निघाले म्हणून वर दोन चमचे साखर. बस, एवढंच."

"हात सुटतो. पहिल्यांदा सगळ्यांचाच सुटतो." त्या पातेल्याजवळ आल्या. "घ्या, चाखा परत."

"तुम्हीच सांगा ना आई, काय करायचं ते."

"शिकणाऱ्याने आधी चाखायचं."

हा त्यांचा महिनाभराचा नियम. आधी त्याने घ्यायचं. त्या वेळी त्या परीक्षकासारख्या त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. मग थेंबभर रस्सा तळहातावर घेऊन चाटत, डोळे मिटत आणि निकाल देत. निकाल कधी चुकला नव्हता.

त्याने चाखलं. कान लाल झाले. त्यांनी तळहात चाटला, डोळे मिटले.

"फारच खारट आहे हो. बटाटे टाका. बटाटा मीठ पितो."

बटाटे पडले, शिजले, खारट झाले. रस्सा होता तिथेच राहिला.

"मग साखर घाला दोन चमचे. मीठ दबेल."

त्याने साखर घातली, ढवळलं, चाखलं आणि खोकत सुटला. "आई, हे तर वाढलं!"

सासूबाईंनी पुन्हा डोळे मिटले. "आधी वाढतं. साखर मिठाला बाहेर काढते."

तीस वर्षांच्या अनुभवापुढे काय बोलणार? त्याने मान डोलावली.

बाहेर बाक सरकल्याचा आवाज आला. टेलरमास्तर. गळ्यात टेप तशीच, रोज पहिलं ताट त्यांचं. ते दुपारी जे बोलत ते संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्याचं मत होत असे.

"काय वायरमन, करंट आहे ना आज जेवणात?"

"आहे की मास्तर," तो आतून म्हणाला आणि हळूच पुटपुटला, "शॉक बसेल असा."

तो क्षणभर पातेल्याकडे बघत राहिला. मग त्याने दुसरं मोठं पातेलं खाली ओढलं.

"आई, एका लाइनीवर लोड फार झालाय. वाटून टाकतो."

अर्धा रस्सा या पातेल्यात, अर्धा त्या. दोन्हीत वरून पाणी, उकडलेलं गाजर, वाटाणे, आणखी टोमॅटो.

"मीठ?"

"नाही."

"चिमूटभर साखर तरी?"

"नाही. फॉल्ट सापडेपर्यंत नवीन काही जोडायचं नाही."

दोन्ही पातेल्यांना उकळी आली. त्याने एकातलं चाखलं, मग दुसऱ्यातलं. वर चढलेले त्याचे खांदे खाली आले.

सासूबाईंनी ते पाहिलं, मग तळहात चाटला. "जमलं," त्या म्हणाल्या. "वाढा."

मास्तरांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग बोलणंच सोडलं. शेवटी पावाने ताट पुसून ते पुढे केलं.

"मापात बसलंय. अजून वाढ रे."

त्यानंतर कुणी काही विचारलंच नाही. दोन्ही पातेली खरवडून झाली. मागून आलेल्या दोघांना नुसता पाव देऊन बोळवावं लागलं.

वायरमनने बायकोला फोन लावला. "मिळणार गं किल्ली." पलीकडून तिने बसची घंटा दोनदा टण्‌ टण्‌ वाजवली.

सासूबाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. "घ्या. तुमची जीभ तयार आहे. यापुढे चव तुम्हीच बघायची. मला विचारायचं नाही, काय?" किल्लीवरचा हात मात्र त्यांनी लगेच उचलला नाही.

"तसं कसं आई? तुम्ही हव्यातच. बसा, आज चहा माझ्या हातचा."

त्याने दोन कप भरले. आनंदाच्या भरात दोन्हींत साखरेचे शिगोशीग दोन-दोन चमचे घातले. त्या कौतुकाने बघत होत्या. एक कप त्यांच्या हातात दिला, दुसरा घेऊन तो खिडकीपाशी गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून मोठा घोट घेतला.

घोट तोंडातच अडला. निव्वळ मीठ.

त्यांच्या हातातला कप काढून घ्यायला तो गर्रकन वळला. कप रिकामा होता. त्या समाधानाने ओठ पुसत होत्या.

"साखर जरा जास्त झाली हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पण चहा फक्कड."