एकरी पाच पोती

मालकाला तीन लाख साठ हजार मिळायचे होते. चाळीस एकर, एकरी नऊ हजार. पावसाने दगा दिल्याबद्दल सरकारची मदत. अट एकच. चिठ्ठी टाकून एक शेत निवडायचं, त्यातला दहा मीटर बाय पाचचा तुकडा कापायचा, झोडायचा, दाणे तोलायचे आणि त्यावरून सगळ्या शिवाराचं पीक धरायचं. एकरी दहा पोत्यांच्या खाली भरलं तर पैसे. वर गेलं तर हात हलवत घरी.

चिठ्ठीत वहिनीचं शेत निघालं आणि मालकाची झोप उडाली.

वहिनी म्हणजे चुलतभावाची बायको. भाऊ गेल्यापासून मालकाची दोन एकरं निम्म्या वाट्याने कसत होती. बाकीची एकरंही अशीच वाटेकऱ्यांकडे. मदत मात्र जमीनमालकाच्या नावावर यायची. पावसाने दगा दिला होता हे खरंच. पण वाटेकऱ्यांनी ओढ्याला पंप लावून, स्वतःच्या पैशाचं डिझेल जाळून पीक जगवलं होतं. एकरी वीस पोती तर डोळे झाकून.

कापणीच्या दिवशी मालक बांधावर बसला, उठला, पुन्हा बसला. किल्ल्यांचा जुडगा या खिशातून त्या खिशात गेला. निरीक्षकाने शेताच्या मधोमध चार खुंट्या ठोकल्या आणि तो हात धुवायला ओढ्याकडे वळला. मालकाने त्या उपटल्या आणि खारवट कोपऱ्यात नेऊन रोवल्या. तिथे गवतसुद्धा नाक मुरडून उगवायचं.

"अहो भावजी, हे काय?"

"तुमचं काही जातंय का वहिनी यात?"

"मदत आली तर आमचे डिझेलचे तरी सुटतील?"

"जमीन कोणाची?" मालक म्हणाला आणि हात झटकले.

निरीक्षक परत आला. त्याने खुंट्यांकडे पाहिलं, मग उन्हाकडे पाहिलं, आणि "कापा" म्हणाला. कागदावर आकडा चढला: पूर्ण शिवार, एकरी पाच पोती. मालकाने सही अशी ठोकली की कागद फाटायचाच राहिला.

धान्य वाळून वाटणीला यायला महिना गेला. तोवर मदत खात्यात जमा झाली होती. सकाळीच वहिनीची गाडी दारात आली. तिच्यात पाच पोती.

"बाकीची पंधरा?"

"बाकीची कुठली, भावजी? एकरी पाच, दोन एकरांची दहा. तुमची निम्मी पाच. तुमच्या सहीची नक्कल काढून आणलीय ऑफिसातून. आकडा चुकला असेल तर चला, आत्ता जाऊन दुरुस्त करून घेऊ."

मालक पायरीवर बसला. लगेच उठला. वहिनीच्या मागे रस्त्यावर सगळ्या वाटेकऱ्यांच्या गाड्या उभ्या होत्या, आणि प्रत्येकाच्या हातात तोच कागद.

मालकाच्या वाट्याची चारशे पोती व्हायची, शंभर आली. बुडालेल्या तीनशेंचे, साडेबाराशेच्या भावाने, तीन लाख पंचाहत्तर हजार. म्हणजे सरकारची मदत अखेर डिझेल जाळणाऱ्यांच्या घरी पोचली, अगदी पैन् पै. आणि ती पोचवायच्या हमालीचे पंधरा हजार मालकाने पदरचे भरले.